सरावाचे वाचक

कोणीच काही बोलत नव्हते. आमच्या बाहेरच्या खोलीतल्या कोचावर इमारतीचे चिटणीस, दंतवैद्य आणि वरच्या मजल्यावरच्या गायनाच्या बाई असे तिघे ओळीने बसले होते, आणि तिघांनीही आपापले मोबाइल पडदा वर करून समोरच्या टेबलावर मांडून ठेवले होते. पंचनाम्यात जप्त वस्तू मांडतात तसे. पंखा फिरत होता. सासूबाईंच्या मांडीवर निवडायच्या भाजीचे ताट होते, पण त्यांचे हात थांबले होते, आणि त्यांचे हात थांबतात तेव्हा घरात काहीतरी गंभीर घडलेले असते. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या पाठीमागे जो संगणक होता, त्याच्याकडे पाहत होती. त्याच्या पडद्यावर ओळीखाली ओळ, हिरव्यागार आकड्यांत, एकच उत्तर तळापर्यंत उतरले होते: दोनशे, दोनशे, दोनशे.

हे दोनशे म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय त्या शांततेतून बाहेर पडता येणार नाही; निदान मला तरी.

आमच्या रस्त्याच्या टोकाला वाचनालयाची एक शाखा आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा, आणि त्या सगळ्याची व्यवस्थापक माझी पत्नी. तिथले प्रत्येक पुस्तक ती पाठमोरे असतानाही ओळखते. मध्यवर्ती कार्यालयाचा हुकूम आला की, पुस्तकांची देवघेव यापुढे नव्या वेब सर्व्हिसवरून होईल, आणि प्रत्येक शाखेने ती आपल्या बाजूने तपासून घ्यावी. जिथे ती नीट चालणार नाही, किंवा जिथे वाचकच पुरेसे आढळणार नाहीत, ती शाखा मध्यवर्ती वाचनालयात विलीन करण्यात येईल. ‘विलीन’ हा शब्द समुद्राकाठी वाचला तर सुंदर वाटतो. कार्यालयाच्या कागदावर त्याचा अर्थ असा की, पुस्तके खोक्यांत जातील, दाराला कुलूप लागेल, आणि माझी पत्नी मध्यवर्तीच्या तळघरात जुनी वर्तमानपत्रे बांधत बसेल. तपासणी अधिकारी सोमवारी येणार होत्या.

शाखेतला संगणक इतका जुना होता की, तो सुरू होताना शेजारच्या खोलीतले वाचक मान वर करून पाहत. माझ्याकडे मात्र बरा संगणक होता, कारण मी घरी बसून शालेय पुस्तकांची मुद्रिते तपासतो. तेव्हा हे काम मी आपणहून अंगावर घेतले. पत्नीने दोनदा विचारले, ‘‘नक्की जमेल ना?’’ आणि दोन्ही वेळा मी ज्या शांत, थोड्याशा दुखावलेल्या स्वरात होकार दिला, तो स्वर आठवला की आजही अंगावर काटा येतो.

मध्यवर्तीच्या तांत्रिक कक्षातल्या गृहस्थांनी फोनवर सांगत सांगत सर्व्हिस तपासण्याचे एक सॉफ्टवेअर माझ्या संगणकावर उतरवून दिले. ही वेब सर्व्हिस म्हणजे एक खिडकी आहे असे समजा. आत कारकून दिसत नाही, बहुधा नसतोच. ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या नमुन्यात विनंती सरकवायची, की आतून उत्तर येते. उत्तरासोबत एक आकडाही येतो. दोनशे म्हणजे सारे क्षेमकुशल. चारशे चार म्हणजे तुम्ही जे शोधत आहात ते इथे नाही. खिडकी खरोखर बोलते का, नीट बोलते का, आणि एकामागून एक पुष्कळ माणसे आली तर भांबावते का, हे पाहण्यासाठी ते सॉफ्टवेअर. डाव्या हाताला आपण जपून ठेवलेल्या विनंत्या, मधोमध पत्ता, त्याच्या शेजारी ‘पाठवा’ असे बटण, आणि खाली उत्तरासाठी राखलेली मोठी, पांढरी, रिकामी जागा.

त्या रिकाम्या जागेने मला जिंकले. आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ काही विचारून पाहिले आहे, पण इतक्या तातडीने आणि इतक्या सभ्यपणे मला फार थोड्या ठिकाणांहून उत्तर आलेले आहे. अमुक पुस्तक आहे का, असे विचारले. आहे, असे उत्तर आले. मुद्दाम अस्तित्वात नसलेले पुस्तक विचारले. नाही, असे उत्तर आले, आणि त्या नाहीमध्येही कसलाही तिरस्कार नव्हता. जेवायला हाका पडू लागल्या तरी मी उठेना. ‘‘जावईबापू दिवसभर पेटीला प्रश्न विचारतात,’’ सासूबाई भिंतीकडे पाहून म्हणाल्या, ‘‘बाजारातून काय आणू, एवढा एक प्रश्न तेवढा राहून जातो.’’

शेवटची चाचणी होती ती भाराची. पुष्कळ वाचक एकदम पुस्तके नेतात असे भासवायचे, त्यांची मुदत उलटली आहे असेही भासवायचे, आणि स्मरणाचे संदेश निघतात की नाही ते पाहायचे. तांत्रिक कक्षाचे म्हणणे होते की नावे काहीही टाका, अबक, कखग, काहीही. सरावाचा पत्ता वेगळा आहे, तिथले काही कोणापर्यंत पोहोचत नाही.

इथे माझा घात झाला, आणि तो माझ्या वृत्तीने केला. कखग नावाचा माणूस पुस्तक काखोटीला मारून जिना उतरतो आहे, हे चित्र मला सहन होईना. ज्याला चेहरा नाही, त्याच्या हाती पुस्तक कसे द्यायचे? शाखा उघडली तेव्हा आमच्या इमारतीतल्या सगळ्यांनी पत्नीच्या शब्दाखातर सभासदत्व घेतले होते आणि नंतर तिकडे फिरकलेही नव्हते. मी त्यांचेच सभासद-क्रमांक घेतले. आणि एकदा माणसे खरी घेतली म्हटल्यावर पुस्तकेही त्यांना शोभतील अशीच द्यायला नकोत का? दंतवैद्य रुग्णाच्या तोंडात कापूस कोंबून मग त्याला जगाच्या राजकारणावर मत विचारतात. त्यांना मी समोरच्याला बोलू कसे द्यावे या विषयावरचे पुस्तक दिले. गायनाच्या बाईंना शांत झोपेवरचे. म्हणजे झोप आमची, पण उपाय त्यांच्या हाती. आणि चिटणीसांना मी प्रेमकवितांचा एक सडपातळ संग्रह दिला.

चिटणीसांविषयी थोडे सांगायला हवे. इमारतीच्या फलकावरच्या सगळ्या सूचना ते स्वतः लिहितात. ‘जिन्यात उभे राहून बोलू नये.’ ‘गच्चीचा वापर गच्चीसारखा करावा.’ इतक्या वर्षांत त्यांच्या सूचनांत मला एकही विशेषण आढळलेले नाही. एखाद्याच्या रक्तात लोह कमी असावे, तसे मला ते वाटत आले. मी केले ते केवळ औषधोपचार म्हणून, आणि तेही सरावापुरते.

सॉफ्टवेअरच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानशी पट्टी असते. तिच्यावर ‘सराव’ निवडायचे की ‘खरे’, एवढेच ठरवायचे. आदल्या संध्याकाळी मी क्षणभर ‘खरे’वर गेलो होतो, काही पाठवायला नव्हे, नुसते पाहायला, की खरी खिडकी सरावाच्या खिडकीपेक्षा निराळी दिसते का. ती निराळी दिसत नव्हती. तोच पांढरा कागद, तीच रिकामी जागा. या गोष्टीवर मी बराच वेळ विचार करीत बसलो, आणि त्या विचारात परत यायचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी सगळ्या विनंत्या ओळीने सोडल्या. दोनशे, दोनशे, दोनशे. मी पत्नीला हाक मारून ते हिरवे शेत दाखवले. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मी ते हसू नीट पाहून घेत होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडे एक मोबाइल वाजला. मग वर एक. मग समोर. इमारत एखाद्या वाद्यासारखी मजल्यामजल्याने वाजत गेली. आणि मग आमची घंटा.

तर ती शांतता अशी होती. ती अखेर चिटणीसांनी मोडली. ‘‘मी हे पुस्तक नेलेलं नाही,’’ ते म्हणाले. त्यांच्या मोबाइलवर लिहिले होते की, आपण नेलेल्या प्रेमकवितांच्या संग्रहाची मुदत बरीच उलटून गेली आहे, तरी कृपया तो परत करावा. संदेश आला तेव्हा मोबाइल स्वयंपाकघरात ओट्याजवळ चार्जिंगला होता आणि तो त्यांच्या पत्नीने आधी वाचला. त्यांनी एकच विचारले होते: ‘‘कुणासाठी?’’ त्यानंतर त्या बोललेल्या नव्हत्या. दंतवैद्यांची तक्रार तत्त्वाची होती. आपल्याविषयी असा समज पसरला तर व्यवसायावर परिणाम होतो, असे ते पुष्कळ वेळ सांगत राहिले आणि आम्हा कोणालाही मध्ये बोलू दिले नाही. गायनाच्या बाईंनी एवढेच सांगितले की, त्यांना झोप उत्तम लागते, ज्यांना लागत नसेल त्यांनी आपली मने तपासावीत.

मी तांत्रिक कक्षाला फोन लावला. रविवार असूनही गृहस्थांनी उचलला, आणि मला वाटले आता सुटलो. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि अगदी मृदू स्वरात सांगितले की, झालेली नोंद पुसता येत नाही. पुस्तक परत आले की ती बंद होते. परत कसे येते? शाखेत पुस्तक यंत्रासमोर धरायचे आणि वाचकाने स्वतः येऊन अंगठा द्यायचा. पूर्वी कुठल्याशा शाखेत कर्मचारीच परस्पर नोंदी फिरवीत, म्हणून ही काळजी. मी म्हटले, पुस्तके फडताळातच आहेत, ती कुठे गेलेलीच नाहीत. ते म्हणाले, सिस्टिमच्या मते गेलेली आहेत. जगात आपण आहोत तिथे नसणे ही अवस्था मला अपरिचित नव्हती, पण पुस्तकांच्या बाबतीत ती प्रथमच ऐकत होतो.

तरीही मी हार मानली नाही, आणि हीच माझी दुसरी चूक. नोंद पुसता येत नसेल, तर निदान मुदत तरी वाढवावी, म्हणजे तगादा थांबेल, असे माझ्या मनात आले. मुदतवाढीची विनंती डाव्या हाताला तयारच होती. मी ती चिटणीसांच्या क्रमांकावर पाठवली. दोनशे. आणि टेबलावरचा त्यांचा मोबाइल आमच्या सर्वांच्या डोळ्यांदेखत थरथरला. आपल्या विनंतीवरून प्रेमकवितांच्या संग्रहाची मुदत आनंदाने वाढवण्यात आली आहे. सोबत आपल्या आवडीची आणखी काही पुस्तके सुचवीत आहोत. आणि खाली जी पुस्तके होती, त्यांची नावे चिटणीस मोठ्याने वाचू शकले नाहीत. वाईट असे की, हा संदेश त्यांच्या पत्नीच्या मोबाइलवरही गेला, कारण घरचा दुसरा क्रमांक म्हणून तोच नोंदलेला होता. वर त्यांच्या घरात एक भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला. भांडे पडले नव्हते. ठेवले होते.

मग सल्ल्यांना सुरुवात झाली. दंतवैद्यांचे मत पडले की, संगणकाची वायर काढून तो तसाच ठेवावा. दुखरी गोष्ट मुळातून काढलेली बरी. गायनाच्या बाई म्हणाल्या, कोणीतरी बाहेरच्याने हे केले अशी तक्रार नोंदवावी, भाऊजींकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहून ते लगेच पटेल. चिटणीसांनी जाहीर क्षमापत्राची मागणी केली, ते फलकावर लागावे असे सुचवले, आणि वेळ वाचावा म्हणून मसुदा तिथेच बसून स्वतः लिहून दिला. त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या. सवयीचा हात पुढे जातो, त्याला मी काय करणार? पण त्यानंतर चिटणीस माझ्याशी थेट बोलेनासे झाले. मला सांगायचे ते पंख्याला सांगू लागले.

ते गेल्यावर तांत्रिक कक्षातून आपणहून फोन आला. गृहस्थ खुशीत होते. ‘‘पण एक सांगू का? तुमच्या शाखेचा आलेख काय चढलाय. उद्या मॅडमनी हा बघितला ना, तर विलीन वगैरे विषयच येणार नाही. विशेषतः कविता विभाग. कविता विभागात तर आतापर्यंत कुणी नव्हतंच.’’

फोन स्पीकरवर होता. आता घरात दुसरी शांतता आली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती, कारण तिच्यात आम्ही तिघेच होतो आणि तिघांच्याही मनात एकच गोष्ट होती. अखेर सासूबाईंनी भाजी निवडायला पुन्हा सुरुवात केली आणि ताटाला उद्देशून म्हटले की, देवाने एखादे चांगले काम वेड्याच्या हातून करून घेतले, तर शहाण्याने त्यात बोट घालू नये. वेडा कोण हे त्यांनी स्पष्ट केले नाही. मीही मान खाली घालून सुचवले की, तपासणी होईपर्यंत नोंदी तशाच ठेवल्या तर कोणाचे काही जाणार नाही.

पत्नी खिडकीशी जाऊन उभी राहिली.

‘‘अहो, मी तिथे रोज दार उघडून बसते,’’ ती म्हणाली. ‘‘कुणी नाही आलं तरी बसते. उद्या बाईंना सांगू की सगळे येतात, आणि परवा परत त्या रिकाम्या खोलीत जाऊन बसू? मला नाही जमणार. बंद व्हायची तर खरी बंद होऊ दे.’’

एवढे बोलून ती चपला घालून एकेका घरी गेली. मी मागोमाग गेलो. बोलायचे नाही, या अटीवर. तिने प्रत्येक दारात सांगितले की चूक आमच्या घरची आहे, उद्या सकाळी फक्त एकदा येऊन अंगठा द्या, म्हणजे तुमचे नाव मोकळे होईल. मी प्रत्येक वेळी तिच्या मागे उभा राहून चुकीचा चेहरा म्हणून उपयोगी पडलो. चिटणीसांच्या दारात त्यांच्या पत्नी आल्या. त्यांनी ऐकून घेतले, मला नखशिखान्त न्याहाळले, आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे यांनी नेलं नव्हतंच.’’ पत्नी म्हणाली, नाही वहिनी, खरंच नव्हतं. ‘‘तरीच,’’ असे म्हणून त्यांनी दार लावले. त्या ‘तरीच’मध्ये सुटका होती की आणखी काही, हे मला जिना उतरेपर्यंत उमगले नाही. उमगले तेव्हा वाटले, त्यापेक्षा आधीचा संशय बरा होता.

सोमवारी वाचनालयाच्या व्हरांड्यात चपलांना जागा उरली नाही. जे येणार नाहीत असे वाटत होते तेही आले, कारण आपल्या नावावर कोणते पुस्तक आहे यापेक्षा दुसऱ्याच्या नावावर कोणते आहे, याची उत्सुकता मोठी. नोंद बंद व्हायला पुस्तक यंत्रासमोर धरावे लागत असल्याने प्रत्येकाला आपापले पुस्तक फडताळातून शोधून आणणे भाग होते. सभासद झाल्यापासून बहुतेकजण पहिल्यांदाच त्या दोन खोल्यांत फिरत होते. दंतवैद्यांनी आपले पुस्तक चिमट्याने धरावे तसे धरून आणले, अंगठा दिला आणि एक अक्षरही न बोलता निघून गेले. पुस्तकाचा परिणाम म्हणावा तर त्यांनी ते उघडलेही नव्हते. गायनाच्या बाईंनी झोपेचे पुस्तक परत केले आणि ते आमच्या सासूबाईंना द्यावे, असे जाता जाता सुचवले.

अधिकारी बाई नेमक्या याच गर्दीत आल्या. उंच, थकलेल्या, खांद्याला पिशवी. दारात थांबून त्यांनी गर्दीकडे पाहिले, मग पडद्यावरच्या आलेखाकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान उमटू लागले. पत्नी काउंटरमागून बाहेर आली. तिने सगळे सांगितले. आवाज चढवला नाही, काही लपवले नाही, माझ्याविषयी फक्त ‘‘माझे मिस्टर, चाचणी यांनी केली’’ एवढेच म्हटले, आणि माझ्याकडे वळलेली बाईंची ती नजर मी आयुष्यभर विसरणार नाही. खिडकीतून उत्तर आले नाही तर माणूस खिडकीकडे असेच पाहतो.

‘‘म्हणजे हे वाचक खोटे,’’ अधिकारी बाई म्हणाल्या.

‘‘वाचक खरे आहेत. वाचणं खोटं होतं,’’ पत्नी म्हणाली.

‘‘सर्व्हिस तर उत्तम चालतेय, त्यात वाद नाही,’’ असे म्हणून बाईंनी पेन उघडले. आता नोंदी एकेक बंद होत होत्या, आणि पडद्यावरचा आलेख फुग्यातली हवा जावी तसा आमच्यासमोर खाली येत होता. कविता विभागाची रेघ जमिनीच्या जवळ पोहोचली होती. तिथे एकच नोंद शिल्लक होती. बाईंनी ती वाचली आणि विचारले, हे गृहस्थ आले आहेत का.

आले होते. सगळ्यांच्या आधी आले होते. कवितांच्या फडताळाशी, आमच्याकडे पाठ करून, चिटणीस उभे होते. आपल्यावर नेमका आरोप काय आहे हे पाहण्यासाठी त्यांनी तो सडपातळ संग्रह उघडला होता, आणि उभ्या उभ्या त्यांनी किती पाने उलटली होती ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. ओठ किंचित हलत होते. जिन्यात उभे राहून बोलणाऱ्यांना हटकताना त्यांचा जो चेहरा असतो, तो कुठे दिसत नव्हता.

पत्नीने हळूच हाक मारली. ते दचकले, पुस्तक घेऊन काउंटरपाशी आले, आणि यंत्रासमोर धरायला हात पुढे करून तसेच थांबले. अधिकारी बाई चष्म्यावरून पाहत होत्या. पेनाचे टोक कागदावर टेकलेले होते.

‘‘मला इथे एकच शब्द लिहायचा आहे, काका,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुम्ही हे परत करताय, की घरी नेताय?’’

चिटणीसांनी एकदा पुस्तकाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग ज्या पानात बोट होते ते बोट तिथेच ठेवून त्यांनी पुस्तक मिटले, काखेत धरले, व्हरांड्यातल्या ढिगातून आपल्या चपला पायाने शोधून काढल्या, आणि ते घराच्या दिशेने चालू लागले.